बोटांवरची चांदी

माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि पहिल्या बोटावर जवळजवळ कायम काळपट डाग असतात. बघणाऱ्याला शाईचे वाटतात, पण ते चांदीचे आहेत. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब कातडीला लागतो तेव्हा तो पाण्यासारखाच असतो, लागला हे कळतही नाही. मग त्याला उजेड मिळतो आणि तासा-दोन तासांत डाग उमटतो. साबणाने निघत नाही, घासून निघत नाही. वरची कातडी झडेल तेव्हाच जातो, आणि तोवर शेजारी दुसरा पडलेला असतो.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे येतो. त्याचा मेणाचा ब्लॉक करायचा, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवून ते काचपट्टीवर उचलायचे आणि रंगवायचे. रोजचं रंगकाम गुलाबी-जांभळं, हिमॅटॉक्सिलीन-इओसिनचं. पण मेंदूतली गाठ असली आणि डॉक्टरांना काही खात्री करून घ्यायची असली, की कधी कधी 'रेटिक्युलिन करा' अशी चिठ्ठी येते. रेटिक्युलिन म्हणजे ऊतींमधले नाजूक धागे, आणि ते दाखवायचं काम चांदीचं.

त्याचं द्रावण मला अजूनही जीव मुठीत धरून करावं लागतं. सिल्व्हर नायट्रेटमध्ये अमोनिया थेंबाथेंबाने सोडायचा. पहिल्या थेंबांना द्रावण गढूळ, तपकिरी होतं. हलवत राहायचं, आणखी थेंब सोडायचे, आणि गढूळपणा जेमतेम विरतो त्या क्षणी हात थांबवायचा. अमोनिया जास्त झाला तर रंग नीट उठत नाही, कमी पडला तर काचपट्टीभर काळी भुकटी बसते. हे द्रावण साठवून ठेवायचं नसतं, वाळलं तर स्फोट होऊ शकतो. काचपट्टी त्यात काही सेकंद बुडवायची, धुवायची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकायची. मग डोळ्यांदेखत तो काप राखाडी होतो, काळा होत जातो. द्रावणात विरघळलेल्या चांदीची पुन्हा धातूची चांदी झालेली असते, आणि ती ऊतींमधल्या नाजूक धाग्यांवर बारीक कणांनी बसलेली असते. नॅनोकण हा शब्द मी वर्तमानपत्रात वाचला त्याच्या किती तरी आधीपासून चांदीचे अतिसूक्ष्म कण माझ्या काचपट्ट्यांवर बसत होते.

मेंदू आणि चांदी यांचं नातं फार जुनं आहे, आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे. १८७३ मध्ये इटलीत कॅमिलो गोल्जी असाध्य रोग्यांच्या एका रुग्णालयात नोकरीला होता. तिथल्या स्वयंपाकघराची त्याने प्रयोगशाळा केली होती. मेंदूचे तुकडे आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये आणि मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवल्यावर काही मोजक्याच पेशी नखशिखान्त काळ्या होतात, बाकीच्या नाहीत, हे त्याला तिथे दिसलं. तोवर मेंदू म्हणजे सूक्ष्मदर्शकाखालचा नुसता गुंता होता. त्या गुंत्यातून एक एक पेशी फांद्यांसकट सुटी दिसायला लागली ती चांदीमुळे. स्पेनमध्ये रामोन इ काखालने तीच पद्धत सुधारून घेतली, आणि १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. काखालच्या परंपरेतल्या पिओ देल रिओ ओर्तेगाने सिल्व्हर कार्बोनेट वापरून १९१९ ते १९२१ या काळात मायक्रोग्लिया आणि ऑलिगोडेंड्रोसाइट या पेशी वेगळ्या ओळखून दाखवल्या. या सगळ्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींना सांभाळणाऱ्या, पोसणाऱ्या पेशी. मेंदूच्या ज्या गाठींना ग्लायोमा म्हणतात त्या याच कुळातल्या पेशींच्या.

म्हणजे शत्रूचं कूळ ओळखता आलं त्यात चांदीचा मोठा वाटा आहे. ती आता त्याच्यावर इलाजही करील का, हा प्रश्न माझ्यापुढे आला तो मात्र लॅबमध्ये नाही. माझ्या वहिनीने विचारला.

दादाला आधी शब्द सापडेनासे झाले. समोरच्या पेनाकडे बोट दाखवून "ते, ते लिहायचं" म्हणायचा. आम्हाला वाटलं कामाचा ताण. मग डोकेदुखी सुरू झाली, मग एका पहाटे फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या अंगाला, कडेने उजळ आणि मधे काळं असं कडं दिसलं. मी रेडिओलॉजीत नाही, पण इतकी वर्षं त्या फिल्मांच्या मागून येणारे तुकडे पाहिलेत, की रिपोर्टची गरज मला पडली नाही. ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांमध्ये मेंदूतच सुरू होणाऱ्या घातक गाठींपैकी सर्वांत जास्त आढळणारी आणि सर्वांत वाईट, श्रेणी चार.

त्याचा ब्लॉक आला त्या दिवशी आमच्या सीनियरबाईंनी काही न बोलता तो माझ्या टेबलावरून उचलला आणि स्वतः रंगवला. मी शेजारच्या टेबलावर दुसऱ्याच कुणाचे काप पाण्यावरून उचलत राहिले.

या गाठीचं खरं दुखणं हे की तिला कड नसते. सर्जन दिसेल तेवढी काढतो, पण तिच्या पेशी मेंदूच्या पांढऱ्या भागातल्या तंतूंच्या वाटेने कधीच्याच दूर गेलेल्या असतात. वॉल्टर डँडी या सर्जनने १९२८ मध्ये ग्लायोमाच्या काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच काढून टाकल्याचं लिहिलं होतं. गाठ तरीही उलटली. आज जो उपचार सगळीकडे दिला जातो तो २००५ मध्ये रोजर स्टुप आणि सहकाऱ्यांनी ५७३ रुग्णांवर तपासून पक्का केला: ऑपरेशन, मग साधारण सहा आठवड्यांत ६० ग्रे (ग्रे हे मात्रेचं माप) रेडिएशन, आणि सोबत टेमोझोलोमाइड या कॅन्सरवरच्या औषधाच्या कॅप्सूल. नुसत्या रेडिएशनवर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण तरी जेवढं जगले तेवढं, १२.१ महिने होतं, ते १४.६ महिन्यांवर गेलं. दोन वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्के झालं. अडीच महिने. बाहेरच्या माणसाला हा आकडा केविलवाणा वाटेल. ज्यांच्या घरात ते अडीच महिने येतात त्यांना विचारा. दादा त्या काळात मुलीच्या परीक्षेच्या पहिल्या दिवशी तिच्यासोबत फाटकापर्यंत चालत गेला होता.

रेडिएशनचे तीस शेक संपले आणि आम्ही पुढच्या एमआरआयची वाट पाहत होतो, तेव्हा वहिनीने मोबाईल माझ्यापुढे धरला. चांदीचे नॅनोकण मेंदूच्या कॅन्सरच्या पेशी मारतात, असं त्यात होतं. "ताई, तुम्ही चांदीचं काम करता ना? हे खरं आहे का, एवढंच सांगा."

मी रात्रभर वाचत बसले. आणि प्रामाणिक उत्तर असं होतं, की हो, खरं आहे.

एक सेंटीमीटरचा चांदीचा ठोकळा घेतला तर त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटीमीटर. त्याच ठोकळ्याचे दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग होतो सहाशे चौरस मीटर. वजन तेवढंच, पण चांदी आता सगळ्या अंगांनी उघडी पडलेली. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. तांबडी रक्तपेशी साधारण सात हजार नॅनोमीटरची. एवढ्या बारीक चांदीचं पाणी चांदीसारखं चमकत नाही, ते पिवळं दिसतं, कारण हे कण जांभळ्या-निळ्या टोकाचा प्रकाश गिळतात. पेशी असा कण स्वतःहून आत ओढून घेते, पडद्याची पिशवी करून, इतर काहीही गिळावं तसा. आतल्या आम्लधर्मी कप्प्यात गेल्यावर कण झिजू लागतो आणि त्यातून चांदीचे आयन सुटतात. या आयनांना गंधकाची भारी ओढ. पेशीच्या ज्या ज्या प्रथिनांत गंधक आहे तिथे ते जाऊन चिकटतात. पेशीला गंजण्यापासून वाचवणारं ग्लुटाथायोन संपत जातं, मायटोकाँड्रिया बिघडतात, डीएनए तुटतो, आणि पेशी स्वतःचा शेवट करून घेते.

२००९ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी हे प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवलेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या यू२५१ नावाच्या पेशींवर दाखवलं. मला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटली. त्यांनी शेजारी फुफ्फुसातल्या साध्या पेशीही ठेवल्या होत्या. चांदीने दोन्हींची वाढ थांबली. पण चांदी काढून टाकल्यावर साध्या पेशी सावरल्या, गाठीच्या पेशी सावरल्या नाहीत. नानजिंगच्या एका गटाने पुढे उंदरांच्या मेंदूतल्या गाठीत चांदीचे कण सुईने सोडले आणि मग रेडिएशन दिलं. नुसतं रेडिएशन दिलेल्या उंदरांपेक्षा ते जास्त जगले. २०१६ मध्ये त्यांनीच सोनं आणि चांदी यांची तुलना केली. एक्स-रे अडवायला सोन्याचा जड अणू जास्त चांगला, पण रेडिएशनचा परिणाम वाढवण्यात चांदी सरस ठरली, बहुधा तिच्या आयनांमुळे. इटलीतल्या एका गटाने तर चांदी आणि एक औषध एकाच पॉलिमरच्या गोळीत भरून तिला वर क्लोरोटॉक्सिन जोडलं. हे ३६ अमिनो आम्लांचं छोटंसं प्रथिन विंचवाच्या विषातलं, आणि ते ग्लायोमाच्या पेशींना नेमकं चिकटतं. विंचवाच्या विषाचा असा उपयोग कुणाला सुचला असेल, या विचाराने मी त्या रात्री थोडा वेळ दुखणंसुद्धा विसरले होते.

मग पुढचं वाचलं.

बशीतल्या पेशीला भिंत नसते, मेंदूला असते. १८८५ मध्ये पाउल एरलिखने प्राण्यांच्या रक्तात रंग सोडून पाहिले. सगळं शरीर रंगलं, मेंदू कोरा राहिला. १९१३ मध्ये त्याचा शिष्य एडविन गोल्डमनने उलट केलं, रंग मेंदूभोवतालच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, शरीर कोरं राहिलं. मधे काहीतरी अडसर आहे हे त्यातून कळत गेलं. तो अडसर म्हणजे मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी. त्या एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की सांध्यातून काही जाऊ शकत नाही. गाठीच्या मध्यभागी हे टाके उसवलेले असतात, तिथे औषध झिरपतं. पण ज्या पेशी दूर पळून गेल्यात, ज्यांच्यामुळे गाठ उलटते, त्या धडधाकट भिंतीआड बसलेल्या असतात. शिवाय रक्तात शिरल्या शिरल्या कणावर रक्तातली प्रथिनं चढतात, त्याचा चेहराच बदलतो, आणि यकृत आणि प्लीहा त्याला वेचून घेतात. २०१६ मध्ये टोरँटोच्या संशोधकांनी आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांचे प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र मांडले. टोचलेल्या कणांपैकी कुठल्याही प्रकारच्या गाठीत पोचणाऱ्यांचा मध्यक निघाला ०.७ टक्के.

मी इथेच थांबले असते तर वहिनीला सांगितलं असतं, की पोचत नाही, पोचायला लागलं की होईल. पण मला सर्वांत जास्त हलवून गेला तो वेगळाच एक प्रयोग, २०१२ चा, नेदरलँड्समधला. त्याचा कॅन्सरशी संबंध नव्हता. संशोधकांनी उंदरांना २८ दिवस तोंडावाटे चांदी दिली, कणांच्या रूपात आणि विरघळलेल्या रूपात, मग देणं बंद केलं आणि आठ आठवडे थांबले. बहुतेक अवयवांतली चांदी तोवर निघून गेली होती. मेंदूतली आणि वृषणांतली गेली नव्हती.

मी ते वाक्य तीनदा वाचलं. नंतर माझ्या बोटांकडे पाहिलं.

आम्ही लॅबमध्ये चांदी वापरतो ती नेमकी याच गुणासाठी, ती बसली की बसते. रंग उडतात, चांदी उडत नाही. माझ्या बोटावरचा डाग जातो कारण कातडी झडते. आर्जिरिया झालेल्या माणसाची कातडी कायमची निळसर राखाडी होते, कारण पोटात घेतलेली चांदी कातडीच्या खालच्या थरात जाऊन बसते, आणि तो थर झडत नाही. मेंदूच्या चेतापेशी तर बहुतेक जन्मभर त्याच राहतात. तिथे एकदा बसलेली चांदी कुठून झडणार? तिची गंधकाची ओढ गाठीच्या पेशीत आणि माझ्या भावाला पेनचं नाव आठवून देणाऱ्या पेशीत फरक करील, याची हमी त्या बशीतल्या प्रयोगाने दिलेली नव्हती. तिथे शेजारी ठेवलेल्या साध्या पेशी फुफ्फुसाच्या होत्या.

त्यामुळे या सगळ्या संशोधनाकडे मी आता एकाच नजरेने बघते. चांदी मारते हे कळलंय. ती आत कशी जाईल यावर हुशार माणसं झटतायत. ती काम झाल्यावर बाहेर कशी येईल, किंवा बाहेर न येताही निरुपद्रवी कशी राहील, हा प्रश्न कुणी मांडलाय का, ते मी प्रत्येक लेखात आधी शोधते. बहुतेक लेखांत तो शेवटच्या परिच्छेदात, 'पुढील अभ्यासाची गरज आहे' या वाक्याखाली दडलेला असतो. तो पहिल्या परिच्छेदात यायला हवा, असं मला अगदी आतून वाटतं.

वहिनीला मी हे सगळं सांगेपर्यंत घरात बाटली आली होती. नात्यातल्याच एकाने प्रेमाने आणलेली. फिकट पिवळं पाणी, वर लेबल, चांदीचं म्हणून. रोज दोन चमचे. ज्यांनी आणली त्यांच्यावर मला राग धरता आला नाही, ते दादाच्या आधाराला रात्री-बेरात्री उभे राहिलेले होते. पण औषधांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने १९९९ मध्येच जाहीर केलंय, की दुकानातून मिळणारी कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे अशा चांदीच्या पाण्याची, औषधं कुठल्याही आजारावर सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. आणि मेंदूच्या गाठीवर चांदीचे नॅनोकण हे आजही कुठलंही मान्य औषध नाही.

हे आकडे आणि कायदे वहिनीला त्या दिवशी नको होते. तिने विचारलं, "पण दिलं तर बिघडेल काय, ताई? तसंही..." पुढचं ती बोलली नाही.

मी एका काचेच्या पेल्यात त्यातलं थोडं पाणी ओतलं. खिडकीच्या उजेडात धरलं, छान पिवळं, स्वच्छ. मग त्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि ढवळलं. पिवळा रंग मरत गेला. मिनिटा-दोन मिनिटांत पेल्यात राखाडी, धुरकट पाणी होतं. पाण्यात चांदीचे कण एकमेकांपासून लांब राहतात ते त्यांच्यावरच्या सारख्या विद्युतभारामुळे. मिठाने ती ताकद झाकली गेली की ते एकमेकांना चिकटून गोळा होतात, आणि सुटी चांदी क्लोराइडशी जुळून न विरघळणारी होते. जी औषधं खरी म्हणून तयार होतायत त्यांच्या कणांना म्हणूनच कसली तरी वेष्टणं चढवतात. "वहिनी, रक्तात मीठच आहे," मी म्हटलं. "आणि पोटात तर त्याच्या आधी आम्ल आहे. यातलं जे दादाच्या डोक्यापर्यंत जाईल ते असं जाईल."

ती बराच वेळ पेल्याकडे बघत राहिली. मग तिने तो मोरीत ओतला, धुतला आणि पालथा घातला. बाटली मात्र टाकली नाही. कपाटात वरच्या फळीवर ठेवली. मी काही म्हटलं नाही.

मी तिचा आधार काढून घेतला का, हा प्रश्न मला अजून पडतो. दादाची गाठ आठव्या महिन्यात उलटली, आणि चौदाव्या महिन्यात तो गेला. चांदी दिली असती तरी वेगळं काही झालं नसतं, हे मला माहीत आहे. माहीत असणं आणि रात्री झोप लागणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

त्यानंतरही मी वाचत राहिले. २०२१ मध्ये ग्लायोब्लास्टोमा उलटलेल्या आठ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना ऑपरेशनआधी शिरेतून सोन्याचे नॅनोकण दिले होते, वर आनुवंशिक संदेश दाबणारे रेणू जोडलेले. कुणी बरं झालं नाही, तो हेतूही नव्हता. नंतर ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीच्या तुकड्यांत सोनं सापडलं. रक्तातून निघालेला कण माणसाच्या मेंदूतल्या गाठीत पोचला, हे त्या तुकड्यांनी दाखवलं. आठ माणसांनी स्वतःला फायदा नसताना आपली गाठ यासाठी दिली. आणि कुठल्या तरी लॅबमध्ये, कुणीतरी माझ्यासारख्याच हातांनी तो तुकडा कापून ठेवला असेल.

चांदीच्या बाबतीत मला खरी आशा वाटते ती रक्तातून पाठवण्यापेक्षा ऑपरेशनच्या वेळीच गाठीच्या जागेत, मोजकी, वेष्टणात बांधलेली चांदी ठेवून रेडिएशनचं बळ वाढवण्याची. भिंत ओलांडायचा प्रश्न तिथे येत नाही. शेजारच्या निरोगी पेशींचा येतो, आणि ती किती काळ राहणार याचा येतो. त्याची उत्तरं महिन्यांनी नाही, वर्षांनी मिळतील. मला ती हवी आहेत.

दादाच्या काचपट्ट्या आमच्या लॅबच्या कपाटात आहेत. बरेच दिवस मी त्या बघितल्या नव्हत्या. मागच्या महिन्यात जुनी नोंद शोधताना ट्रे हाताशी आला. गुलाबी-जांभळी काचपट्टी थोडी फिकी पडलीय. रेटिक्युलिनची मी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. रक्तवाहिन्यांभोवती चांदीच्या काळ्या, रेखीव जाळ्या होत्या, सीनियरबाईंचा हात नेहमीच स्वच्छ. मधल्या सगळ्या जागेत, जिथे गाठीच्या पेशी दाटीवाटीने बसल्या होत्या, तिथे एकही काळा धागा नव्हता. तिथे चांदीला धरायला काही मिळालं नव्हतं. मी फोकस थोडा वरखाली केला, मग दिवा मंद केला आणि काचपट्टी तिच्या खाचेत परत ठेवली.